भास्कररावांची दुभाषेगिरी

भास्करराव बुधगावकरांच्या घरात महत्त्वाची गोष्ट कधी घरात सांगितली जात नसे. तिची जागा ठरलेली होती: कॉफीचं दुकान, रविवारची सकाळ, आणि समोर बशीत फोडलेली अर्धकच्ची अंडी.

ही सवय मलेशियातली. सांगलीतून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन निघालेल्या भास्कररावांनी उमेदीची बारा वर्षं शाह आलमच्या एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढली. तिकडे जुन्या वळणाच्या कॉफीच्या दुकानाला कोपीतियाम म्हणतात. गोल संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या खुर्च्या, कापडी गाळणीतून गाळलेली काळीकुट्ट कोपी आणि तिच्या तळाशी डब्यातलं घट्ट गोड दूध. सोबत भाजलेला पाव, त्यात थंड लोण्याची जाड चीप आणि नारळाच्या दुधात अंडी-साखर आटवून केलेला ‘काया’. अंड्यांवर सोया सॉसचे चार थेंब आणि पांढरी मिरपूड टाकायची आणि चमच्याने ओरपायची. शुभाताईंना सुरुवातीला तो प्रकार बघूनच मळमळायचं. पण ऑर्डर भास्करराव देत. “तीन कोपी, तीन टोस्ट, सहा अंडी.” कुणाला काय हवं हे विचारायची पद्धत नव्हती. शुभाताईंना जन्मभर चहा आवडायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. “इथे येऊन चहा काय प्यायचा?” एवढ्यावर तो विषय मिटला होता.

कोपी बशीत ओतायची, दोन घोट घ्यायचे, मिशी पुसायची आणि मग भास्करराव जाहीर करत. ईश्वरीची शाळा बदलली, हे असंच जाहीर झालं. “एप्रिलमध्ये आपण जर्मनीला जातोय,” हेही असंच. शुभाताई तेव्हा एका बालवाडीत शिकवत होत्या, मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत होती. ती नोकरी सुटल्याचं त्यांना दुसऱ्या अंड्याच्या वेळी कळलं.

माणूस वाईट नव्हे. शेजाऱ्याची गाडी बंद पडली तर भर बर्फात बॉनेट उघडून उभा राहणारा. पण काळजी घेणं आणि कारभार करणं यांतला फरक त्यांना कुणी कधी समजावला नाही, आणि कुणी समजवायला गेलं असतं तर त्यांनीच त्याला समजावून परत पाठवलं असतं.

जर्मनीतल्या नेकारसुल्मला येऊन त्यांना आता वीस वर्षं होत आली. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत नोकरी, तिसऱ्या मजल्यावर घर. शुभाताईंनी आल्या आल्या जर्मनचा क्लास लावला होता. तीन महिन्यांनी भास्करराव म्हणाले, “कशाला एवढी ये-जा करतेस? मी आहे ना.” क्लास सुटला. तेव्हापासून शुभाताईंचं जर्मन ब्रोट म्हणजे पाव, मिल्ख म्हणजे दूध, डांके म्हणजे धन्यवाद आणि बिट्टे म्हणजे कृपया, यांच्या पलीकडे सरकलं नाही. बँकेत, ऑफिसात, दवाखान्यात भास्करराव बोलत आणि शुभाताई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसत. ईश्वरी मोठी झाली, घरात बापाला जर्मनमध्ये उत्तरं देऊ लागली, शिकून बॉनला एका टेलिकॉम कंपनीत लागली. आठेक वर्षांपूर्वी जवळच्या हाइलब्रॉनला चिन नावाच्या, मलेशियातल्या इपोहच्या माणसाने कोपीतियाम उघडलं, आणि भास्कररावांची रविवारची गादी पुन्हा मांडली गेली.

फेब्रुवारीत शुभाताईंच्या पोटदुखीसाठी दोघं हॉस्पिटलात गेले. तपासण्या होऊन गेल्या होत्या, आता निकाल होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांनी आधीच विचारलं, “डोल्मेचर बोलावू का? आमच्याकडे दुभाषे मिळतात.” भास्कररावांना ते लागलं. वीस वर्षं या देशात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न! “गरज नाही,” ते म्हणाले.

मग त्या बाई सांगू लागल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग. यकृतात पसरलाय. शस्त्रक्रियेला अर्थ नाही, इतर उपचारांनी फारसा फरक पडणार नाही, दुखणं मात्र आपण आटोक्यात ठेवू. सहा महिने, फार तर आठ. भास्कररावांच्या कानात घूं झालं. शुभाताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. नेहमीसारख्याच, आता हे सांगतील म्हणून.

“काही नाही,” भास्करराव म्हणाले. “थोडी सूज आहे. गोळ्यांनी बरं वाटेल.”

शुभाताईंनी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरीणबाईंना तो धीरोदात्तपणा वाटला असावा. त्या पुढे म्हणाल्या की आत्ता प्रकृती चांगली आहे, मायदेशी कुणाला भेटायचं असेल तर लगेच जाऊन या, महिना-दीड महिन्याच्या आत. नंतर विमानप्रवास झेपणार नाही. भास्करराव शुभाताईंकडे वळले. “म्हणतायत, सध्या लांबचा प्रवास अजिबात नको.”

“तुमच्या पत्नीला काही विचारायचंय का?” बाईंनी विचारलं.

भास्कररावांनी शुभाताईंना विचारलं, “पथ्य पाळशील ना?” शुभाताईंनी मान हलवली. “काही विचारायचं नाही म्हणते,” भास्कररावांनी बाईंना सांगितलं.

हे सगळं त्यांनी थंड डोक्याने केलं असं समजू नये. त्या रात्री बाथरूममध्ये नळ सोडून ते रडले. पण बुधगावकरांच्या घराण्याची ही रीतच होती, रोग्याला सगळ्यात शेवटी सांगायचं. एकदाच ती मोडली होती. त्यांच्या वडिलांना, वासुदेवरावांना, सांगलीच्या एका डॉक्टरने फटकन तोंडावर सांगितलं, आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजला तो अकराव्या दिवशी गेला. पुढे आईची पाळी आली तेव्हा भास्कररावांनी संधिवात म्हणून सांगितलं, सगळ्या घराला तंबी दिली, आणि आई वर्षभर हसत-जेवत राहून लोणच्याच्या कैऱ्या कुठून आणायच्या हे बोलता बोलता गेली. एवढा पुरावा त्यांना पुरेसा होता.

प्रवास का अडवला? त्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. शुभाताईंचं माहेर मिरजेचं. गावात पावलापावलाला दवाखाना, आणि खुद्द भाचा श्रीधर डॉक्टर. शुभाताई तिथे गेल्या असत्या तर श्रीधरने एका नजरेत ओळखलं असतं. एक खोटं सांभाळायचं तर दुसरं सांगावंच लागतं.

आणि मिरजेलाच अक्का होत्या. यमुनाअक्का, शुभाताईंची थोरली बहीण. शुभाताई चार वर्षांच्या असताना आई गेली, तेव्हापासून वेणीफणी, शाळा, लग्न, सगळं अक्कांनी केलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अक्का न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळल्या. रोज दुपारी फोन. “शुभी, एकदा येऊन जा गं.” शुभाताई रोज भास्कररावांकडे बघत. भास्करराव मान हलवत. शुभाताई फोनवर सांगत, “डॉक्टर नको म्हणतात गं अक्का. थोडी सूज आहे. उतरली की येतेच.”

एप्रिलच्या सव्वीस तारखेला अक्का गेल्या. शुभाताईंनी ते सगळं मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. श्रीधरच्या मुलीने फोन धरला होता आणि तिचा हात हलत होता, त्यामुळे अक्कांचा चेहरा धड दिसलासुद्धा नाही.

जूनपर्यंत शुभाताईंचे कपडे अंगावर लोंबू लागले. तीन जिने चढायला त्यांना वीस मिनिटं लागत. गोळ्या वाढल्या, सूज काही उतरेना. भास्करराव म्हणत, “जर्मन औषधं सावकाश लागू पडतात.” आणि शुभाताईंचा विश्वास असा की त्यांनी श्रीधरलाही फोनवर तेच सांगितलं.

जूनच्या शेवटी ईश्वरी दोन दिवस घरी आली. आईची अवस्था बघून ती हबकली. तिने आईसाठी विमा कंपनीकडून मदतीचा अर्ज करायचा ठरवला आणि कागद शोधायला बापाच्या फायली काढल्या. भास्कररावांच्या फायली म्हणजे एकेक नमुना: पाठीवर नाव, आत रंगीत फ्लॅप. आजारपणाच्या फायलीत काहीच नव्हतं. हॉस्पिटलचं पत्र सापडलं ते गाडीच्या तपासणीच्या फायलीत, ब्रेक आणि टायरच्या दाखल्यांच्या मधोमध.

ईश्वरीने ते उभ्या उभ्या वाचलं. मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

“बाबा, दास इस्ट इअर लेबेन. तिचं लाइफ आहे. तुमचं नाही.”

“हळू बोल.”

“तिला माहीतच नाही? ओके. उद्या तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते.”

भास्कररावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, “उद्या रविवार आहे. चिनकडे जाऊ. तिथे सांगतो.”

ईश्वरीला वाटलं बाप टाळतोय. तसं नव्हतं. त्यांना ती गोष्ट दुसरीकडे कुठे सांगताच आली नसती.

सकाळी चिनच्या दुकानात गर्दी बेताचीच होती. शुभाताईंनी हौसेने मोरपंखी कुडता घातला होता, जो आता खांद्यावरून घसरत होता. बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “मला आज चहा चालेल.” भास्कररावांनी ऐकलं की नाही कोण जाणे. चिनला त्यांनी बोटांनीच खूण केली. तीन, तीन, सहा.

कोपी आली. भास्कररावांनी बशीत ओतली, दोन घोट घेतले, मिशी पुसली. हा क्रम शुभाताईंना पाठ होता. त्या हसल्या.

“सांगा. काय ठरवलंत? मला अंदाज आहे.”

“काय?”

“रिटायर होताय. परत जायचंय. हो ना?” त्यांचे डोळे चमकले. “अहो, सांगलीच कशाला, मिरजेलाच बघू घर. श्रीधर म्हणतोय दिवाळीला या. अक्का नाही, पण तिची खोली तरी बघून येईन.”

भास्कररावांनी अंडं उचललं. फोडताना ते हातातच चिरडलं आणि पिवळा बलक टेबलावर पसरला. ते कागदाने पुसत बसले. एक कागद, दुसरा, तिसरा. इतकी वर्षं अशा टेबलांशी बसून बायकामुलीचं आयुष्य एका वाक्यात सांगून टाकणारा माणूस चौथा कागद ओढत होता.

ईश्वरीने पर्समधून पत्र काढून आईसमोर ठेवलं. “आई, हे तुझं आहे. तुझ्या नावाचं.”

शुभाताईंनी लिफाफ्यावरचं आपलं नाव बोटाने वाचलं. मग तो भास्कररावांपुढे सरकवला. “वाचा की. माझं सगळं तुम्हीच वाचता.”

“शुभा, घरी जाऊन—”

“इथेच वाचा. शब्द न् शब्द.”

त्यांनी चष्मा लावला. पत्र दीड पानाचं होतं. वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज ऑफिसातला होता, कोरडा. आधी जर्मन वाक्य, मग मराठी. स्वादुपिंडाचा कर्करोग. यकृतात पसरलेला. शस्त्रक्रिया शक्य नाही. शुभाताईंचा हात टोस्टवर होता, तो तिथेच राहिला.

“पुढे.”

“आयुष्य... सहा ते आठ महिने. अंदाजे लिहिलंय. अंदाजे.”

“पुढे.”

भास्कररावांनी पत्राची घडी घातली. “पुढे नुसती औषधांची नावं आहेत.”

“बाबा,” ईश्वरी म्हणाली, “नाइन, नाही. अजून एक सेंटेन्स आहे. तो वाचा.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. नको, असं नजरेने सांगितलं. ईश्वरीने नजर हटवली नाही. बाहेरून ट्राम गेली, टेबलावरच्या बशा थरथरल्या. भास्कररावांनी घडी उलगडली.

“‘रुग्णाची सध्याची प्रकृती प्रवासाला योग्य आहे. मायदेशी नातेवाइकांना भेटण्याची इच्छा असल्यास येत्या चार ते सहा आठवड्यांत जावं, असा सल्ला आम्ही दिला आहे. सर्व माहिती... पतीने दुभाषी म्हणून रुग्णाला समजावून दिली.’”

शुभाताईंनी टोस्टवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी विचारलं, “तारीख काय आहे पत्रावर?”

“वीस फेब्रुवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं, अंगठ्याने एकेक पेर दाबत. बालवाडीतल्या मुलांना शिकवायच्या तसं. फेब्रुवारी, मार्च. एप्रिलवर अंगठा थांबला.

“अक्का होती,” त्या म्हणाल्या. “तेव्हा होती अक्का.”

“शुभा, तुला त्रास होऊ नये म्हणून मी...”

“मी तिला रोज सांगायचे, डॉक्टर नको म्हणतात. शेवटच्या फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं. तरी म्हणाली, डॉक्टरांचं ऐक गं बाई, माझं काय एवढं, तू बरी हो.” शुभाताईंचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. “ती मरायला टेकलेली आणि मला बरी हो म्हणत होती. आणि डॉक्टर नको म्हणालेच नव्हते.”

“श्रीधरने ओळखलं असतं गं. तू खचली असतीस. माझ्या वडिलांचं काय झालं तुला माहीत आहे.”

“मी तुमचे वडील आहे का?”

भास्करराव पत्राची घडी पुन्हा घालू लागले. 

“मला विचारायचं होतंत,” शुभाताई म्हणाल्या. “एकदा. कर्करोग राहू दे बाजूला. अक्काला भेटायचंय का, एवढंच विचारायचं होतंत. सहा महिने म्हणजे काय फार होते का हो? त्यातले दोन मी तिला दिले असते. ते माझे होते.”

भास्करराव रडू लागले. भर दुकानात, चष्म्यासकट. शुभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला असता. आज त्या मुलीकडे वळल्या.

“ईशू, गुरुवारी हॉस्पिटलची अपॉइंटमेंट आहे. तू रजा काढ आणि माझ्याबरोबर आत ये. हे बाहेर बसतील.”

“आई, माझं मराठी नीट नाही. मेडिकल वर्ड्स मला येत नाहीत.”

“मोडकंतोडकं चालेल. खरं सांग म्हणजे झालं.”

चिन लांबून बघत होता. तो आला आणि जर्मनमध्ये विचारलं, आज काही बिघडलंय का, कोपी तशीच राहिली. भास्करराव सवयीने डोळे पुसून बोलायला पुढे झाले. शुभाताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि स्वतः म्हणाल्या, “टे. बिट्टे.”

चहा आला. त्यांनी तो सावकाश, पूर्ण संपवला. 

गुरुवारी भास्करराव हॉस्पिटलच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दार बंद होतं. आतून डॉक्टरीणबाईंचा मऊ आवाज येई, मग ईश्वरीचं अडखळतं मराठी. एकदा शुभाताईंचा आवाज आला. त्या काहीतरी विचारत होत्या. नंतर पुन्हा, आणि मग आणखी एकदा. वीस वर्षांत या बाईला एवढं विचारायचं होतं, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी दाराकडे कान केला, पण शब्द कळले नाहीत. समोरून नर्स गेली तशी ते सरळ बसले आणि बोर्डावरच्या सूचना वाचू लागले.

पाऊण तासाने दार उघडलं. ईश्वरीचे डोळे लाल होते. तिने बापाकडे पाहिलंच नाही. गाडी आणते म्हणून ती तडक जिन्याकडे गेली. शुभाताई दाराला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण केस नीट बांधलेले होते. त्यांनी पर्स भास्कररावांच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या दंडाचा आधार घेतला, कारण तेवढं चालायचं तर आधार लागत होताच.

लिफ्टपर्यंत भास्कररावांनी धीर धरला. मग विचारलं, “काय म्हणाल्या डॉक्टर?”

शुभाताईंनी लिफ्टचं बटण दाबलं. वरचे आकडे बघत म्हणाल्या, “काही नाही. थोडी सूज आहे. गोळ्यांनी बरं वाटेल.”